मत्स्यालयात नेचे कसे वाढवावे: जावा फर्न आणि त्याच्या भाऊबंदांची पहिली लागवड

माझे पहिले जावा फर्न मी इतर कोणत्याही रोपासारखेच लावले. टाकीच्या तळाच्या खडीत खळगा केला, मुळांसकट अख्खा बुंधा त्यात पुरला आणि वरून खडी नीट दाबली. दोन-तीन आठवडे पाने हिरवीगार होती, त्यामुळे आपले काही चुकले आहे असे मनातही आले नाही. मग एकेक पान देठापासून सुटून पाण्यावर तरंगू लागले. रोप उपसून पाहिले, तेव्हा खडीखालचा भाग तपकिरी आणि लिबलिबीत झाला होता आणि बोटांनी धरताच त्याचा लगदा झाला. पाणी, दिवा, तापमान सगळे ठीक होते. रोप मेले ते केवळ पुरल्यामुळे.

मत्स्यालयातली नेचेवर्गीय झाडे सांभाळायला सोपी असतात, हे अगदी खरे आहे. त्यांना तेज दिवा लागत नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही, खास मातीही लागत नाही. मात्र त्यांची वाढण्याची रीत जमिनीतल्या रोपांहून वेगळी आहे आणि ती ठाऊक नसेल तर मायेने केलेली काळजीच त्यांच्या मुळावर येते. ज्यांनी गोड्या पाण्याची टाकी नुकतीच लावली आहे किंवा लवकरच लावायची आहे, त्यांच्यासाठी ही सगळी कृती मी क्रमाने लिहीत आहे.

१. कोणते नेचे घ्यायचे ते आधी ठरवा

पहिल्या लागवडीसाठी जावा फर्न घ्या. आग्नेय आशियातल्या ओढ्यांच्या काठी, दगडांना आणि झाडांच्या बुंध्यांना धरून ते वाढते. कधी पाण्याबाहेर, तर कधी पुराच्या पाण्याखाली. म्हणूनच टाकीतले कमी-अधिक बदल ते सहज सोसते. त्याचे शास्त्रीय नाव पूर्वी मायक्रोसोरम टेरोपस असे होते आणि आता ते लेप्टोचिलस टेरोपस असे लिहितात. रोपांच्या चिठ्ठ्यांवर दोन्ही नावे आढळतात, पण वनस्पती एकच आहे. साध्या जावा फर्नची पाने लांबट, सलग आणि चिवट असतात व ते साधारण १५ ते ३० सेंटीमीटर उंच होते. याचेच काही प्रकार मिळतात: पानांच्या टोकांना बारीक झिरमिळ्या असलेले विंडेलोव्ह, अरुंद पानांचे नॅरो लीफ आणि पान अनेक बोटांत विभागलेले ट्रायडंट. विंडेलोव्ह हे नाव होल्गर विंडेलोव्ह या डॅनिश पाणवनस्पती-उत्पादकावरून पडले आहे. या सर्वांची निगा सारखीच असते, त्यामुळे निवड केवळ आवडीने करायला हरकत नाही.

दुसरे नाव बोल्बिटिसचे. हे आफ्रिकेतल्या वाहत्या ओढ्यांमधले नेचे आहे. त्याची गडद हिरवी, किंचित पारदर्शक आणि कातरलेली पाने दिव्याखाली पाहिली की टाकीत दुसरे काही लावावेसेच वाटत नाही. परंतु नव्या जागी रुळायला ते जावा फर्नपेक्षा जास्त वेळ घेते आणि त्याला पाण्याचा प्रवाह आवडतो. एक जावा फर्न नीट जगवल्यावर मग बोल्बिटिस आणा, असे मी सुचवीन.

वॉटर स्प्राइट हेही खरे नेचेच आहे, पण त्याचा स्वभाव अगदी वेगळा. ते भराभर वाढते, खडीत लावता येते, नुसते पाण्यावर तरंगत सोडले तरी चालते आणि पाण्यातली पोषकद्रव्ये पटकन शोषून घेत असल्याने नव्या टाकीत शेवाळाला आवर घालायला मदत करते. खोड खडीत पुरू नये असे या लेखात पुढे सांगितले आहे, ते वॉटर स्प्राइटला लागू नाही. तळावर चौपानी हिरवळ पसरवणारे मार्सिलिया हेही नेचेवर्गीयच आहे; ते खडीत किंवा वाळूत लावतात आणि त्याला धीर फार लागतो.

खरेदी करताना एका फसगतीपासून सावध राहा. पीकॉक फर्न आणि अ‍ॅक्वा फर्न या नावांनी काही सुंदर रोपे पाणवनस्पतींसोबत पाण्यातच ठेवून विकली जातात. पीकॉक फर्न ही सेलाजिनेला नावाची वनस्पती आहे आणि ती खरे नेचेही नाही; अ‍ॅक्वा फर्न हे दमट जंगलातल्या जमिनीवरचे नेचे आहे. दोन्ही पाण्याखाली काही आठवडे तग धरतात आणि मग कुजतात. निळसर चमक पाहून मन मोहात पडते, हे मला ठाऊक आहे. तरीही ती टाकीसाठी घेऊ नका.

रोप निवडताना पानांपेक्षा खोड पाहा. पानांच्या बुडाशी जो आडवा, हिरवट-तपकिरी, बोटभर जाडीचा किंवा त्याहून बारीक भाग दिसतो, ते या नेच्याचे खोड. त्यातूनच वर पाने फुटतात आणि खाली केसांसारखी काळपट मुळे. खोड दाबून टणक लागले आणि त्यावर नव्या पानाची एखादी गुंडाळी दिसली, तर दोन-चार पाने फाटकी असली तरी रोप चांगले समजा. पाने भरगच्च असून खोड मऊ असेल, तर ते रोप घेऊ नका.

२. हाताशी ठेवायचे साहित्य

– रोप बांधण्यासाठी दगड किंवा पाण्यात बुडणारे लाकूड
– गडद रंगाचा सुती दोरा किंवा मासेमारीची बारीक नायलॉनची दोरी
– जेलच्या रूपातला सुपरग्लू, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट (दोरा वापरणार असाल तर याची गरज नाही)
– धारदार कात्री किंवा नवे ब्लेड
– स्वच्छ बादली, जिला साबण कधीच लागलेला नाही
– पाण्यातला क्लोरीन घालवणारे द्रावण
– पाणवनस्पतींसाठीचे द्रवखत, ज्यात पोटॅशियम आहे
– दिव्यासाठी टायमर

टायमर अनेकांना अनावश्यक वाटतो. तो घ्याच, कारण दिवा रोज ठरलेल्या वेळी लागणे आणि बंद होणे यावर शेवाळाचे प्रमाण बरेच अवलंबून असते आणि माणसाकडून ही शिस्त पाळली जात नाही.

३. टाकी, पाणी, दगड आणि लाकूड

जावा फर्नला २० ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाण्याचा सामू (pH) ६ ते ७.५ च्या दरम्यान असला म्हणजे पुरे. पाणी थोडे जड, म्हणजे क्षार जास्त असलेले, असले तरी ते कुरकुर करत नाही. बोल्बिटिसला किंचित मऊ पाणी अधिक आवडते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन पाणी २४ तास उघडे ठेवल्याने बराचसा उडून जातो, पण जिथे पाणी शुद्ध करायला क्लोरामाइन वापरतात तिथे हा उपाय चालत नाही. त्यामुळे क्लोरीन घालवणारे द्रावण वापरणे अधिक खात्रीचे. टाकी नवी असेल तर माशांचे मलमूत्र पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात मासे टाकायची घाई करू नये. नेचे मात्र पहिल्या दिवसापासून लावता येते.

दगडावर व्हिनेगरचे काही थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे आणि तो पाण्याचा जडपणा वाढवत राहील. लाकूड आधी पाण्यात भिजत घालावे, कारण सुके लाकूड तरंगते आणि त्यावर बांधलेले रोपही त्याच्याबरोबर वर येते. भिजताना पाणी चहासारखे तांबूस होते. तो रंग लाकडातल्या टॅनिनचा असून त्यापासून झाडांना किंवा माशांना अपाय होत नाही.

४. रोप घरी आणल्यावर

रोप बहुधा जाळीदार कुंडीत, राखाडी कापसासारख्या रॉकवूलमध्ये खोचलेले किंवा बुडाशी शिशाची पट्टी गुंडाळलेले असते. कुंडी, रॉकवूल आणि पट्टी तिन्ही काढून टाका. मुळांत अडकलेले रॉकवूलचे तंतू बादलीतल्या पाण्यात हलवून हळूहळू सोडवा. यात दहा-पंधरा मिनिटे गेली तरी चालतील. तपकिरी आणि बुळबुळीत पाने बुडापासून कापा. मुळे फार लांब असतील तर ती दोन-तीन सेंटीमीटर ठेवून छाटता येतात, कारण त्यांचे मुख्य काम दगडाला धरून राहणे हे आहे आणि अन्न हे रोप बरेचसे पाने आणि खोडातूनच घेते.

त्यानंतर पानांची खालची बाजू उजेडात धरून पाहा. जेलीसारखा पारदर्शक ठिपका आणि त्यात बारीक कण दिसले, तर ती गोगलगाईंची अंडी आहेत. नखाने खरवडून ती काढून टाका. शक्य असेल तर रोप दोन आठवडे वेगळ्या बादलीत, मंद उजेडात ठेवा आणि पाणी अधूनमधून बदला. या काळात अंडी फुटून बाहेर आलेल्या गोगलगाई दिसतात व टाकीत जाण्याआधीच उचलता येतात.

५. बांधणे किंवा चिकटवणे

लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. खोड उघडे राहिले पाहिजे. मुळे खडीत गेली तरी हरकत नाही. खोड खडीत, वाळूत किंवा मातीत जाता कामा नये. गाडलेल्या खोडाभोवती पाणी खेळत नाही आणि ते सडू लागते. वरची पाने काही दिवस हिरवी राहतात, म्हणून नुकसान उशिरा लक्षात येते.

दोऱ्याने बांधायचे असेल तर खोड दगडावर आडवे ठेवा, मुळे दगडाकडे आणि पाने वर राहतील असे पाहा आणि दोरा पानांच्या मधून नेत दोन-तीन वेढे द्या. वेढा खोडात रुतता कामा नये. दगड उचलून उलटा धरला तरी रोप जागचे हलत नाही, इतपत ताण पुरेसा आहे. सुती दोरा काही आठवड्यांत पाण्यात कुजतो आणि तोवर जावा फर्नच्या मुळांनी बहुधा पकड घेतलेली असते. बोल्बिटिस संथ असल्यामुळे त्याला नायलॉनची दोरी बरी. तांब्याची तार मात्र वापरू नये, कारण पाण्यात उतरलेले तांबे कोळंबी आणि गोगलगाईंना घातक ठरते.

चिकटवायचे असेल तर जेलच घ्या. पातळ सुपरग्लू ओघळतो आणि पानांना लागतो. दगडाची जागा आणि खोडाची खालची बाजू फडक्याने टिपून कोरडी करा. मुगाच्या दाण्याएवढे दोन-तीन थेंब दगडावर ठेवा, खोड त्यावर टेकवा आणि अर्धा मिनिट हलके दाबून धरा. मग सगळे पाण्यात बुडवा. पाण्याचा स्पर्श होताच जेल घट्ट होते आणि त्याच्या कडेला पांढरी साय धरल्यासारखी दिसते. पहिल्यांदा ती पाहून मला काहीतरी बिघडले असे वाटले होते, पण ते घट्ट झालेले चिकटद्रव्य आहे, अपायकारक नाही, आणि काही आठवड्यांत मुळांनी व बारीक शेवाळाने झाकले जाते. संपूर्ण खोडाला जेल फासू नये. जिथून नवे पान फुटते ती टोके मोकळी सोडावीत. काम खिडकीजवळ करा, वाफ नाकात जाऊ देऊ नका आणि काम चालू असताना पानांवर मधूनमधून पाणी शिंपडा, कारण पाण्याखाली वाढलेली पाने हवेत लवकर सुकतात.

बोल्बिटिस लावताना फिल्टरच्या पाण्याची धार जिथून मंद वाहते, तिथे त्याचा दगड ठेवा. जावा फर्न मागच्या बाजूला, लाकडाच्या सावलीत किंवा दिव्यापासून दूर कुठेही चालते.

६. दिवा आणि खत

सौम्य दिवा रोज सहा ते आठ तास. याहून अधिक उजेड दिल्याने जावा फर्न वेगाने वाढत नाही. पानांवर शेवाळ मात्र वेगाने वाढते. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर टाकीची जागा बदला किंवा पडदा लावा.

मासे असलेल्या टाकीत नेच्याला लागणारा नायट्रोजन बराचसा त्यांच्या मलमूत्रातूनच मिळतो. पोटॅशियम मात्र बऱ्याचदा कमी पडते, म्हणून द्रवखत द्यावे. सुरुवात डब्यावर सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने करा आणि महिनाभर पानांकडे पाहून मगच वाढवा. खडीत पुरायच्या खताच्या गोळ्या या नेच्यांना उपयोगाच्या नाहीत. दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलावे.

७. पहिले दोन महिने

नवशिक्यांचा धीर याच काळात सुटतो. पुष्कळशी रोपे रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती पाण्याखाली गेली की जुनी पाने पिवळी-तपकिरी पडून गळतात आणि पाण्याला सरावलेली नवी पाने नंतर येतात. म्हणून पहिले सहा ते आठ आठवडे पानांवरून रोपाचा निकाल लावू नका. बोटाने खोड दाबून पाहा. ते टणक असेल तर रोप जिवंत आहे, मग त्यावर एकही पान नसले तरी. एखाद्या टोकाला मऊ पडले असेल तर तेवढा भाग धारदार ब्लेडने कापा; आत हिरवट, कडक गाभा लागेपर्यंत कापत जा आणि उरलेले तसेच राहू द्या.

पानांवर जे दिसेल त्याचा अर्थ लावताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी-काळ्या गोल ठिपक्यांच्या ओळी दिसल्या तर तो रोग नाही. ते बीजाणूंचे पुंजके आहेत आणि नेच्याच्या प्रौढ पानांवर ते येतातच. मी अशी सहा निरोगी पाने रोग समजून छाटली होती आणि त्यानंतर ते रोप कित्येक महिने खुंटले. ओळखण्याची खूण सोपी आहे: बीजाणूंचे पुंजके साधारण सारख्या आकाराचे व किंचित उंचवटलेले असतात आणि पानाची वरची बाजू बहुतेक हिरवीच राहते. कुजण्याचे डाग वेडेवाकडे पसरतात, पान तिथे पातळ होते आणि दोन्ही बाजूंनी काळे दिसते.

जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडून त्यांच्या कडा पिवळसर किंवा काळपट होत असतील, तर बहुधा पोटॅशियम कमी पडत आहे. जुनी पाने एकसारखी फिकट पिवळी पडत असतील आणि टाकीत मासे अगदी थोडे असतील, तर नायट्रोजनची उणीव असू शकते. नव्या, कोवळ्या पानाचे टोक तपकिरी आणि पारदर्शक दिसते, त्याची चिंता करू नका. पान लांबत जाते तसे ते हिरवे होते.

आणि वाढीचा वेग मनात पक्का धरा. जावा फर्नला दोन-तीन आठवड्यांत एक नवे पान आले तरी ते चांगले चालले आहे. रोज दगड हलवणे, दर आठवड्याला जागा बदलणे, दिवा कधी वाढवणे तर कधी कमी करणे, यांतले काहीही त्याला मानवत नाही.

८. शेवाळ आले तर

संथ वाढणाऱ्या पानांवर शेवाळ बसतेच. मऊ हिरवे शेवाळ बोटांनी पुसले की निघते. काळ्या ब्रशच्या केसांसारखे, पानांच्या कडांना चिकटलेले शेवाळ मात्र घासून निघत नाही. असे जुने पान बुडापासून कापावे, पण एका वेळी एकूण पानांच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नयेत. सोबत दिव्याचा वेळ दीड-दोन तासांनी कमी करा, माशांचे उरलेले अन्न काढून टाका आणि टाकीत थोडे वॉटर स्प्राइट तरंगत सोडा. त्याच्या सावलीने आणि भुकेने दोन्हीकडून शेवाळ आटोक्यात येते. औषध ओतण्याची घाई करू नये. टाकीत कोळंबी असेल तर तांबेयुक्त औषध तिच्या जिवावर बेतते.

माशांपासून जावा फर्नला फारसा धोका नाही. कोवळी रोपे खाणारे गोल्डफिशसुद्धा याच्या चिवट पानांना बहुधा तोंड लावत नाहीत. तळ उकरणारे मासे असतील तर मात्र दगड जड घ्या.

९. नवी रोपे करणे

काही महिन्यांनी एखाद्या जुन्या पानाच्या टोकाशी काळ्या मुळांचा झुपका दिसेल आणि त्यातून नखाएवढी दोन-तीन पाने वर आलेली दिसतील. हे त्या पानावरच जन्मलेले पिल्लू आहे. ते लगेच तोडू नका. त्याला तीन-चार पाने आणि दोन-तीन सेंटीमीटर लांब मुळे आली की हलक्या हाताने ओढताच ते सुटते. सुटत नसेल तर आणखी दोन आठवडे थांबा. आईचे पान फारच जीर्ण झाले असेल, तर ते अख्खे पान कापून पिल्लांसकट नव्या दगडावर बांधता येते. जुन्या पानातला अन्नांश संपेपर्यंत पिल्ले त्यावर जगतात.

दुसरी रीत खोडाचे तुकडे करण्याची. खोड पुरेसे लांब झाल्यावर प्रत्येक तुकड्यावर किमान तीन-चार पाने राहतील अशा बेताने नव्या ब्लेडने एका झटक्यात कापा आणि दोन्ही तुकडे वेगवेगळ्या दगडांवर बांधा. बोल्बिटिस पानांवर जावा फर्नसारखी सर्रास पिल्ले देत नाही, म्हणून त्याच्यासाठी हीच रीत खात्रीची.

छाटलेली पाने आणि जास्तीची रोपे ओढ्यात, तळ्यात किंवा गटारात टाकू नका. पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाका. टाकीत साल्व्हिनिया ठेवत असाल तर ही काळजी दुप्पट घ्या. या तरंगत्या नेच्याची मोलेस्टा ही जात मूळची ब्राझीलची, पण ती जगभरातल्या अनेक तळ्यांवर गालिच्यासारखी पसरली असून खालच्या पाण्यातला उजेड आणि प्राणवायू तिने हिरावून घेतला आहे. तिचा एखादा हिरवा तुकडा पाण्यात राहिला तरी त्यापासून नवे रोप होते, म्हणून बादलीतले पाणी ओतण्याआधी ते बारीक जाळीतून गाळून घ्या.